औषधाच्या बाटलीवरील आकडा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात रूळ तयार होतो, तेव्हा तो तप्त असतानाच त्याच्या अंगावर काही अक्षरे आणि काही आकडे उमटवले जातात. रूळ कोणत्या कारखान्याचा, कोणत्या सालचा आणि पोलादाच्या कोणत्या घाण्यातला, हे त्या खुणांवरून कळते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून दशकानुदशके भारतीय रेल्वेचे रूळ प्रामुख्याने याच गावातून जात आले आहेत. उद्या आसामात किंवा कोकणात एखादा रूळ तडकला, तर अधिकारी प्रथम त्याच्यावरचा आकडा वाचतात. आकडा सापडला की त्याच घाण्यातले इतर रूळ कोठे कोठे टाकले आहेत, ते शोधून काढता येते. एका रुळाचा दोष हजार रुळांना चिकटू नये आणि हजारांत तो लपूही नये, यासाठी ही व्यवस्था आहे.

शासकीय नोकरीच्या निमित्ताने मी या गावात राहतो. कारखान्याच्या फाटकापासून नगरातल्या चौकापर्यंत सुरक्षिततेच्या पाट्या रोज डोळ्यांखालून जातात. परंतु अशाच प्रकारचा एक आकडा माझ्या स्वतःच्या घरात, आईच्या उशाशी ठेवलेल्या औषधांच्या डब्यात, प्रत्येक बाटलीवर आणि गोळ्यांच्या प्रत्येक स्ट्रिपवर छापलेला असतो, याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले एका लहानशा प्रसंगामुळे, आणि खरे सांगावयाचे तर माझ्याच रागामुळे.

आईला घशाचा त्रास सुरू झाला होता. मागे एकदा असाच त्रास झाला असता डॉक्टरांनी जी गोळी दिली होती, तिची रिकामी स्ट्रिप घेऊन मी संध्याकाळी सेक्टरच्या बाजारातील औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरमागे एक तरुण मुलगी होती. तिने स्ट्रिप उलटसुलट करून पाहिली आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नव्हती. मी माझे पद सांगितले नाही, पण ते आवाजात उतरले असावे. दिवसभर लोकांकडून अर्ज, दाखले आणि पुरावे मागण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्याकडे कोणी एक कागद मागितला की त्याला तो अपमान वाटतो, हे मला त्या दिवशी कळले. ती मुलगी मात्र शांत होती. चिठ्ठीशिवाय ही गोळी देता येणार नाही, असे सांगून तिने मला दुसराच एक प्रश्न विचारला. तो प्रश्न कोणता, हे मी शेवटी सांगेन. आधी, असा प्रश्न विचारण्याचे कर्तव्य तिच्या खांद्यावर कसे येऊन पडले, त्याचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. हा इतिहास पुष्कळसा मृत्यूंचा आहे, आणि त्याची काही महत्त्वाची प्रकरणे आपल्या महाराष्ट्रात घडलेली आहेत.

औषध हे जीव तारते तसेच मारतेही, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. ज्याची माहिती नाही ते औषध विषासारखे, शस्त्रासारखे आणि अग्नीसारखे समजावे, असे चरकसंहितेने बजावले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल, क्षार, मीठ आणि सुगंधी द्रव्ये यांच्या बरोबरीनेच औषधांत हुबेहूब दिसणारी दुसरी वस्तू मिसळणाऱ्याला १२ पणांचा दंड सांगितला आहे. म्हणजे भेसळ तेव्हाही होत होती आणि राजसत्तेला ती ठाऊक होती. परंतु त्या काळी औषधाची खरी हमी म्हणजे ओळख. वैद्य गावातला, वनस्पती शिवारातली, सहाण घरातली आणि रोगी शेजारचा. चाटण कडू लागले तर वैद्याचे दार ठोठावता येत होते.

पुढे इंग्रजी वैद्यक आले आणि वैद्याच्या जागी डॉक्टर व त्यांचे कंपाउंडर आले. तांबड्या मिक्श्चरची बाटली, तिच्या पाठीवर डोसाच्या खुणांसाठी कातरलेली कागदाची पट्टी आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या पुड्या आमच्या वडिलांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या बाटलीवर नाव नसे, आकडा नसे, मुदत नसे. तरीही तेथे ओळखीचा धागा शाबूत होता, कारण औषध करणारा आणि घेणारा एकमेकांना दिसत होते. औषध कारखान्यात तयार होऊन रेल्वेने शेकडो मैल दूर जाऊ लागले, तेव्हा हा धागा तुटला. ओळखीची जागा आता आकड्याला घ्यावी लागणार होती.

ती जागा किती महत्त्वाची आहे, हे एका बाटलीने जगाला दाखवून दिले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि तेथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना ही लस टोचली गेली. थोड्याच दिवसांत त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले.

मृत्यू पावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली गेली होती. त्या बाटलीवर ‘५३ एन’ हा क्रमांक होता. इतर बाटल्यांतून ज्यांना लस मिळाली, ते सुखरूप राहिले. ही गोष्ट कळली, ती केवळ बाटलीवर क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले याचा माग लावता येत होता, म्हणून. नाही तर सगळी लसच विषारी ठरली असती आणि प्लेगने मरणाऱ्यांच्या हातातील एकुलते शस्त्र गळून पडले असते.

परंतु आकडा नुसता असून भागत नाही, तो नीट वाचावाही लागतो. मुंबईचे सरन्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाचा कल, दोष परळच्या प्रयोगशाळेतच झाला असावा, या मताकडे राहिला. हाफकिनला पदावरून दूर व्हावे लागले. मुलकोवाल येथे बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले गेले होते, या साक्षीचे वजन पुढे पटले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही दोष बाटली उघडतानाचा असल्याचे मत दिले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये उघडपणे हाफकिनची बाजू घेतली, तेव्हा कोठे त्याच्यावरचा डाग पुसला गेला आणि तो हिंदुस्थानात परतला. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्याचे नाव देण्यात आले. शेकडो मैलांचा प्रवास निर्धोक करून आलेले औषध शेवटच्या हातात, शेवटच्या क्षणी बिघडू शकते, हा या प्रकरणाचा धडा. औषधाच्या दुकानाचा काउंटर हा तो शेवटचा हात होय.

लसीचे हे असे झाले. साध्या औषधांची दशा त्याहून वाईट होती. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानच्या बाजारात परदेशी औषधांचा पूर लोटला. हिवतापाने देश पोखरलेला होता, क्विनाइनला मोठी मागणी होती, आणि क्विनाइनच्या नावाने जे विकले जाई त्यात क्विनाइन किती, याची शाश्वती कोणी देऊ शकत नव्हते. अखेर १९३० मध्ये सरकारने कलकत्त्याचे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला. औषधांसाठी देशभर एक कायदा हवा, त्यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा हव्यात, आणि औषधे देणारा माणूस शिकलेला व नोंदणी झालेला हवा, अशा तिच्या शिफारशींची दिशा होती. अहवाल आला आणि सरकारी अहवालांच्या वाट्याला जे येते तेच त्याच्या वाट्याला आले. नऊ वर्षे गेली.

या नऊ वर्षांच्या मधोमध अमेरिकेत एक भयंकर घटना घडली. १९३७ मध्ये टेनेसी राज्यातील एका औषध कंपनीने सल्फानिलामाइड हे त्या काळचे गुणकारी औषध मुलांनाही घेता यावे म्हणून पातळ स्वरूपात बाजारात आणले. ते विरघळवण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव वापरले. हे द्रव रंगहीन, गोडसर आणि कारखान्यांत नेहमी वापरले जाणारे. पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी करणारे. कंपनीने औषधाची चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. ते विषारी आहे का, हे मात्र पाहिले नाही, आणि तसे पाहण्याची सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत ३४ मुले होती.

तयार झालेल्या सुमारे २४० गॅलन औषधापैकी ६ गॅलनांच्या आसपास रोग्यांच्या पोटात गेले. उरलेले सरकारी निरीक्षकांनी गावोगाव फिरून परत मिळवले. हे शक्य झाले ते घाऊक व्यापाऱ्यांच्या वह्या, दुकानदारांची बिले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या धुंडाळून. जेथे नोंद नीट होती तेथे बाटली वेळेत सापडली. जेथे नव्हती तेथे शोध अडला. एका नोंदीत रोग्याचे आडनाव नव्हते, पत्ता नव्हता. होते ते फक्त एका मुलीचे नाव आणि नऊ महिने हे वय. औषध घेऊन डोंगराळ मुलखात निघून गेलेल्या एका कुटुंबातील तीन वर्षांच्या मुलाला शोधण्यासाठी एका डॉक्टराने आपले लग्न पुढे ढकलले. आज दुकानदार रोग्याचे नाव आणि पत्ता विचारतो तेव्हा आपल्याला तो नसता खटाटोप वाटतो. त्या प्रश्नामागे अशी मुले उभी आहेत, हे आपण विसरतो. विशेष म्हणजे सरकारला ते औषध जप्त करता आले ते विषारी म्हणून नव्हे. ‘एलिक्झिर’ या नावाच्या औषधात मद्यार्क असावयास हवा, तो त्यात नव्हता, म्हणजे नाव खोटे होते, एवढ्या कारणावरून. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने नवा कायदा करून विक्रीपूर्वी औषध निर्धोक असल्याचा पुरावा देणे बंधनकारक केले.

आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० मध्ये झाला, त्याचे नियम डिसेंबर १९४५ मध्ये आले आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच तयार करावे व द्यावे, हे तत्त्व त्या कायद्याने मांडले. १९४५ च्या नियमांनी दुकानांच्या पाट्यांतही भेद केला. जेथे नोंदणीकृत फार्मासिस्टची गरज नाही असे साधे दुकान ते ‘ड्रग स्टोअर’. जेथे फार्मासिस्ट आहे पण मिश्रणे तयार होत नाहीत ते ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’. आणि जेथे फार्मासिस्टच्या देखरेखीखाली औषध तयारही होते तीच ‘फार्मसी’. हे तीन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. नियम करणाऱ्यांच्या मनात मात्र आत कोण उभे आहे, हे पाटी पाहूनच गिऱ्हाइकाला कळावे, असा हेतू होता.

या नियमांतील बारीक कलमे वाचताना इतिहासाचे पडसाद ऐकू येतात. चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरांची सही व तारीख हवी, रोग्याचे नाव व पत्ता हवा, औषधाचे प्रमाण हवे. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यावे. लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे परस्पर देऊ नये. मुदत संपलेले औषध विकू नये. बिलावर औषधाचे नाव, करणाऱ्याचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहावी. ‘बॅच’ हा शब्द आपल्या तोंडी इंग्रजी असला तरी कल्पना आपल्या स्वयंपाकघरातली आहे. दिवाळीच्या चकल्यांचा एक घाणा जळला तर गृहिणी तेवढाच बाजूला काढते, सगळा डबा फेकून देत नाही. बॅच क्रमांक म्हणजे औषधाच्या घाण्याची खूण.

ही खूण कागदावर असली आणि माणसांनी तिच्याकडे पाठ फिरवली म्हणजे काय होते, हे १९८६ साली मुंबईने पाहिले. जानेवारी-फेब्रुवारीत सर ज. जी. रुग्णालयात १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्यांना डोळ्यांतील किंवा मेंदूतील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरिन दिले होते, आणि त्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. अमेरिकेत माणसे मारणारे तेच द्रव ४९ वर्षांनी आपल्या घरात शिरले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि १९८७ मध्ये अहवाल दिला. तो अहवाल केवळ एका पुरवठादाराचा दोष सांगून थांबला नाही. खरेदी, तपासणी, परवाना, देखरेख अशा प्रत्येक पायरीवर कोणी तरी आपले काम केले नव्हते, हे त्याने दाखवून दिले. साखळीच्या प्रत्येक कडीला वाटत होते, तपासणी आधीच्या कडीने केलीच असेल. शासकीय नोकर म्हणून हे वाचताना मान खाली जाते, कारण फाइलवर सही करताना आपल्या मनातही हेच असते.

हे द्रव पुन्हापुन्हा परतत राहिले. १९७२ मध्ये मद्रासला, १९९८ मध्ये दिल्लीजवळच्या गुडगावकडे, २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूच्या रामनगर भागात मुले दगावली. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे ७० मुलांच्या मृत्यूंचा संबंध भारतात बनलेल्या सिरपांशी जोडला गेला. आमच्या छत्तीसगढालाही औषधांविषयीची भीती अनोळखी नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरानंतर डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या, तेव्हा शिबिरातील अनास्था आणि तेथे वाटलेल्या गोळ्या, या दोन्हींकडे बोट दाखवले गेले.

परंतु मराठी माणसाच्या अगदी उंबरठ्यापाशी आलेली घटना २०२५ ची. १९५६ पर्यंत दुर्ग, छिंदवाडा आणि नागपूर हे तिन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते आणि नागपूर ही त्यांची राजधानी होती. सरहद्दी बदलल्या, तरी आजार बळावला की या भागातील माणूस आजही नागपूरची वाट धरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागातून लहान मुले नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. साधा ताप, सर्दी, खोकला. मग लघवी बंद. मूत्रपिंडांची तपासणी झाली, तेव्हा विषाचा संशय बळावला. खोकल्याच्या एका सिरपवर नजर गेली. ते तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झाले होते. ऑक्टोबरच्या आरंभी तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने त्या बॅचचा नमुना तपासला. डायएथिलीन ग्लायकॉलची मर्यादा ०.१ टक्का, नमुन्यात ते ४८.६ टक्के निघाले. मर्यादेच्या जवळजवळ पाचशे पट! वीसहून अधिक मुले गेली. पुढे विक्रीवर बंदी आली, कारखान्याचा परवाना रद्द झाला, अटका झाल्या.

या घटनेत बाटलीवरच्या आकड्याने काय केले आणि काय केले नाही, याचा विचार शांतपणे केला पाहिजे. आकड्यामुळे दोषी घाणा ओळखता आला, इतर दुकानांच्या फळ्यांवरच्या त्याच क्रमांकाच्या बाटल्या काढून घेता आल्या. हे थोडे नव्हे; त्यामुळे पुढचे मृत्यू थांबले. पण आकडा विष ओळखू शकत नाही. ते काम कारखान्यातील प्रयोगशाळेचे, कच्चा माल आत घेतानाच करावयाचे आहे. ते तेथे झाले नाही तर जगातील कोणताही दुकानदार नुसत्या डोळ्यांनी बाटलीतले विष पाहू शकणार नाही. तेव्हा सगळा भार काउंटरवर टाकून कारखान्याने आणि सरकारने मोकळे होणे हा अन्याय होईल. आणि तरीही काउंटरवर काही करता येण्याजोगे असते, हेही तितकेच खरे आहे.

ते काय, हे गेल्या काही वर्षांत कायद्याने अधिक स्पष्ट केले आहे. चिठ्ठीशिवाय द्यावयाची नाहीत अशा औषधांची एक यादी पूर्वीपासून आहे. प्रतिजैविके मन मानेल तशी खाल्ल्यामुळे जंतू निर्ढावतात आणि उद्या तीच औषधे निरुपयोगी होतात, हे दिसून आल्यावर २०१३ मध्ये आणखी कडक अशी ‘एच वन’ यादी करण्यात आली. १ मार्च २०१४ पासून ती अमलात आली, तेव्हा तीत ४६ औषधे होती. ही औषधे विकताना डॉक्टरांचे नाव, रोग्याचे नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. २०१५ च्या नियमावलीने रोग्याशी बोलणे आणि औषध कसे घ्यावे हे त्याला समजावून सांगणे, हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रचलित औषधांच्या वेष्टनांवर क्यूआर संकेत आला. भ्रमणध्वनी त्यावर धरला की बॅच, मुदत आणि करणाऱ्याचे नाव कळते. ‘५३ एन’ पासून सुरू झालेला आकड्याचा प्रवास येथवर आला आहे.

याखेरीज एक पाहारा असा आहे, ज्याची नोंद वहीत होत नाही. तो उष्णतेविरुद्धचा. भिलाईत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पुष्कळशी औषधे ३० अंशांखाली ठेवावयाची असतात, इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंशांत. वीज गेली, फ्रीज बंद पडला, की इन्सुलिनचा रंग बदलेलच असे नाही. त्याचा गुण मात्र मुकाट्याने निघून जातो. दुकानदाराने फ्रीजमध्ये तापमापक ठेवला आहे का, विजेसाठी पर्यायी सोय केली आहे का, इन्सुलिन देताना थंड पिशवीत घालून देतो का, या गोष्टी गिऱ्हाइकाने किमतीतील सवलतीपेक्षा अधिक निरखून पाहाव्यात. सवलत दिसते, अंश दिसत नाहीत.

आणि एका गोष्टीविषयी मौन पाळणे योग्य नव्हे. कित्येक ठिकाणी भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र टांगलेले असते आणि स्वतः फार्मासिस्ट तेथे नसतो. प्रमाणपत्र भाड्याने मिळते, हे आपल्या देशात गुपित राहिलेले नाही. ज्या शिफारशीसाठी चोप्रा समितीने १९३१ मध्ये लेखणी झिजवली, तिचा गाभा ‘शिकलेला माणूस’ हा होता, त्याच्या नावाची चौकट नव्हे. चौकट प्रश्न विचारू शकत नाही.

म्हणून आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. तिने मला विचारले होते, की आई आणखी कोणती औषधे घेतात. मी उतावीळपणे दोन-तीन नावे सांगितली आणि मग आठवले म्हणून हृदयासाठी चालू असलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचेही नाव घेतले. मागच्या वेळी घशाचा त्रास झाला होता तेव्हा ती गोळी सुरू झालेली नव्हती. तिने मान हलवली. या दोन गोळ्या एकत्र आल्या तर रक्तस्राव होण्याची भीती असते, डॉक्टरांना फोन करा आणि हे सांगा, असे ती म्हणाली. मी तेथेच उभा राहून फोन केला. डॉक्टरांनी ती गोळी नको म्हणून सांगितले, आईला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावले, तपासले आणि वेगळे औषध लिहून दिले. आई चार दिवसांत बरी झाली. काहीच घडले नाही. औषधांच्या सुरक्षिततेचे यश असेच असते. त्याची बातमी होत नाही आणि त्यावर आयोगही बसत नाही.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन मी त्याच दुकानात गेलो. तिने वहीत नोंद केली, बिलावर बॅच क्रमांक आणि मुदत असल्याची खात्री केली आणि स्ट्रिपवरचा आकडा बिलावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. गोळी जेवणानंतर द्यावयाची हे तिने दोनदा सांगितले. घरी आल्यावर ते बिल मी आईच्या औषधांच्या डब्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवले. पूर्वी अशी बिले मी दुकानाच्या पायरीवरच चुरगाळून टाकीत असे.

एवढीच विनंती आपणां सर्वांना करून मी थांबतो. औषध घेताना बिल मागावे आणि औषध संपेपर्यंत ते जपावे. चिठ्ठी मागितली म्हणून रागावू नये. चालू असलेली सर्व औषधे सांगावीत. बाटलीवरचा आकडा आणि मुदत एकदा आपल्या डोळ्यांनी वाचावी. रुळावरचा आकडा वाचणारा कोणी तरी आहे, या भरवशावर आपण रात्री गाडीत निर्धास्त झोपतो. औषधाच्या बाटलीवरचा आकडा वाचणाऱ्यांत मात्र आपण स्वतःही असावयास हवे.